बांगड्याने काय खाल्लं ते नागपुरात बसून कसं शोधावं

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पोरं येतात तेव्हा बहुतेकांना रोहू हवा असतो. मी बांगडा देते. समुद्र लांब असला म्हणून काय झालं, बर्फातला बांगडा मंगळवारी बाजारात मिळतो.

भाव विचारायच्या आधी विचारायचं, "दादा, माल कुठला?" मुंबईकडचा आणि आंध्राकडचा मासा एका तक्त्यात घातला की काम वाया गेलंच समजा, कारण दोन्ही समुद्रांचे हंगाम वेगळे. दादांना ठाऊक नसेल तर पुढच्या दुकानावर जा. पोट मऊ पडलेला मासाही नको. मासा मेला तरी पाचकरस थांबत नाहीत, आत नुसता लगदा सापडतो.

दुकानदार प्रेमाने मोठे मोठे निवडून देतो. त्याला थांबवा, लहानही मागा. लांबी मिलिमीटरमध्ये मोजून दर 2 सेंटीमीटरचा एक गट करा. मग गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत पोट चिरा. जठर किती भरलंय ते लगेच लिहा: रिकामं, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. शेजारी गाभोळीची अवस्थाही लिहा. विणीला आलेला बांगडा कमी खातो, त्यामुळे रिकामं पोट दिसलं की समुद्रात अन्न नव्हतं असं धरून चालू नका. आतडं सरळ करून मोजा आणि जठर 5 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना कुजू न देणाऱ्या द्रावणात, टाका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई पुसली जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली खरी मजा. लहान बांगड्यात डायाटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) आणि बारीक प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे चिमुकले प्राणी) जास्त. वाढत गेला की कोळंबीच्या अळ्या, माशांची पिल्लं असं मोठं भक्ष्य येतं आणि लांबीच्या मानाने आतडं आखूड होत जातं. म्हणून तर आतडं मोजायला लावते. सगळ्या आकारांची सरासरी काढलीत तर असा मासा समोर येईल, जो समुद्रात कुठेच नाही.

नुसती मोजदाद करू नका बाप्पा. हजार डायाटम एका अळीपुढे काहीच नाहीत. प्रत्येक खाद्य किती टक्के जठरांत सापडलं आणि एकूण आकारमानात त्याचा वाटा किती, हे दोन आकडे गुणा. सगळ्या गुणाकारांच्या बेरजेने भागून 100 ने गुणा. नटराजन आणि झिंगरन या मत्स्यसंशोधकांची ही 1961 ची पद्धत आमच्याकडे अजून चालते, कारण एखाद्याच पोटात कोंबलेली अंडी तिच्यात सगळा हिशेब खाऊन टाकत नाहीत. हे गणित प्रत्येक महिन्याच्या प्रत्येक आकारगटासाठी वेगळं करायचं.

अडचण पावसाळ्याची. नैऋत्य किनाऱ्यालगत तेव्हा खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, डायाटम उसळतात. आणि नेमकी जून-जुलैत महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बाजारात तेव्हा दिसतो तो शीतगृहातला किंवा पूर्वेकडचा माल, तिकडची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन जूनच्या मध्यात संपते. तो घेऊन रकाने भरू नका. रिकामेच ठेवा. तोंडी परीक्षेत कोणी विचारलं, तर बंदीच्या तारखा पाठ असू द्या.