अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी

भेटायला आलेले पाहुणे सफरचंदं ठेवतात, ‘कसं वाटतंय?’ विचारतात आणि जातात. आईच्या माकडहाडावर जखम नाही, हे त्यांना दिसत नाही. त्यासाठी घरातल्या कुणीतरी दिवसरात्र, साधारण दर दोन तासांनी, तिची कूस बदललेली असते.

जखम होते ती दाबामुळे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथलं रक्त अडतं. ओल आणि घासणं त्यात भर घालतात. म्हणून माणसाला कधीही फरफटत सरकवू नका. जुन्या सुती साडीची घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी आडवी अंथरा. दोघांनी दोन बाजूंनी तिचे काठ धरून उचलायचं, मग सरकवायचं. सुती साडीच घ्या. सिंथेटिकमध्ये घाम कोंडतो.

डाव्या कुशीवर घ्यायचं असेल, तर आधी साडीनेच उजव्या कडेकडे सरकवून घ्या, नाहीतर वळवल्यावर माणूस थेट पलंगाच्या काठावर येतो. मग डाव्या बाजूला उभं राहा. त्यांचा डावा हात अंगापासून दूर ठेवा, उजवा छातीवर घ्या, उजवा गुडघा वाकवा. ‘आई, आता तुला डाव्या कुशीवर घेते हं’ असं सांगा. ती बोलत नसली तरी सांगा, न सांगता वळवलं की माणूस दचकतो आणि अंग ताठ करतो. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे ठेवून आपल्याकडे वळवा. स्वतःचे गुडघे वाकवा, पाठ नाही. अर्धांगवायू झालेला हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळू शकतो.

पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे लांब उशी लावून अंग साधारण ३० अंशच कलतं ठेवा. गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली एक, इतकी की टाच गादीला टेकणार नाही. टाचेखालून हात फिरवून बघा. शेवटी कान दुमडलेला नाही ना, लघवीची नळी अंगाखाली अडकलेली नाही ना, चादरीला सुरकुती नाही ना, हे पाहा.

डावी, पाठ, उजवी, पाठ असा क्रम वेळेसह कागदावर लिहून भिंतीला लावा. ‘मघाशीच वळवलं’ ही आठवण रात्री तीन वाजता हमखास फसवते. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. खुर्चीत बसवलं, तर दर अर्ध्या तासाला भार हलवा.

अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू रोज नीट पाहा. लाल डाग बोटाने दाबा. दाबल्यावर फिकट झाला नाही, तर त्या बाजूवर भार देणं थांबवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे जागा काळपट, गरम किंवा टणक लागते का ते बघा. अशा डागावर तेल चोळणं ही मायेपोटी होणारी सर्वांत मोठी चूक. आत दुखावलेली कातडी चोळल्याने आणखी फाटते. स्पिरिट लावणं आणि गोल रिंगवर बसवणं हेही टाळा. रिंगच्या कडेने नवा दाब पडतो. ओलं डायपर लगेच बदला, कोरडं करताना घासू नका, टिपा.

लांब राहणाऱ्या भावंडांनी फोनवर ‘काळजी घे’ म्हणण्याऐवजी महिन्यातल्या दोन शनिवारी रात्रपाळी घ्यावी. भिंतीवरच्या कागदाचा फोटो आधीच मागवावा, म्हणजे आल्यावर झोपलेल्या बहिणीला उठवून विचारावं लागत नाही.