घरासोबत आलेलं झाड ओळखायचं कसं, आणि आडोशाला कुंपण कशाचं लावायचं

जुनं घर वाट्याला आलं की अंगणात एखादं मोठं झाड आधीपासून असतंच आणि ते कशाचं हे नेमकं कुणालाच सांगता येत नाही. शेजारून दिसू नये म्हणून कुंपणाची घाई असते हे कळतं, पण प्लीज आधी झाड ओळखा, कारण सावली किती, पानगळ कधी, मुळं कुठवर हे सगळं ते झाडच ठरवतं आणि कुंपणात काय जगेल तेही त्यावरच.

ॲपवर फोटो टाका, हरकत नाही, पण एकाच पानाचा नको. फांदीचा शेंडा, पानाची मागची बाजू, साल, फूल किंवा फळ असे वेगवेगळे द्या आणि पहिलंच नाव आलं की खरं धरू नका. झाडाखालीही बघा, जुन्या शेंगा बिया तिथंच पडलेल्या असतात.

सगळ्यात जास्त घोळ पानात होतो. आपण ज्याला पान म्हणतो ती बऱ्याचदा नुसती पर्णिका, म्हणजे मोठ्या पानाचा एक छोटा तुकडा असते. देठ जिथं फांदीला जुळतो त्या बेचक्यात बारीक डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा कोंब दिसला तर ते पूर्ण पान, नाही दिसला तर अजून मागे जा. कडुनिंब आणि बकाण निंब इथंच वेगळे पडतात: कडुनिंबाच्या मधल्या दांडीला दोन्हीकडे सरळ पर्णिका असतात, बकाणाच्या दांडीला परत उपदांड्या फुटतात आणि मग त्यांच्यावर पर्णिका. कडुनिंबाची फुलं पांढरी, बकाणाची फिकट जांभळी, आणि बकाणाची गोल पिवळट फळं पानं गळून गेली तरी झाडावर लटकलेली राहतात. ती विषारी असतात, म्हणून घरात लहान मुलं असतील तर हा फरक कळायलाच हवा.

गुलमोहर आणि नीलमोहर फुलं नसताना सारखेच वाटतात. गुलमोहराची पानं एकाआड एक आणि शेंगा लांबलचक चपट्या, नीलमोहराची पानं समोरासमोर आणि शेंग गोल चपटी, संपलं. पान तोडल्यावर पांढरा चीक आला आणि फांदीवर पानापाशी गोल कड्यासारखा वण असला तर वड पिंपळ उंबराच्या घराण्यातलं समजा, ह्यांची मुळं भिंतीत आणि ड्रेनेजमध्ये घुसतात. चीक कुठलाही असो, डोळ्यात जाऊ देऊ नका.

तरी नाही ओळखू आलं तर फुलं फळं येईपर्यंत थांबा, तोवर कुऱ्हाड नको.

आता कुंपण. जिथं बसता तिथं खुर्ची टाका आणि नजर कुठून येते ते बघा. समोरच्या अंगणातून असेल तर सहा फूट पुरे, वरच्या मजल्यावरून असेल तर कुंपण कितीही वाढवून फायदा नाही, तिथं छोटं झाड किंवा मांडवावर वेलच लागेल.

माझी पहिली पसंती कामिनी. बारा महिने हिरवी, दाट, अर्धी सावली चालते, फुलांना वास छान, फक्त वाढते हळू. लवकर आडोसा हवा आणि ऊन भरपूर असेल तर जास्वंद, पण तिच्यावर पिठ्या ढेकूण (पांढरी कापसासारखी कीड) येतो, लक्ष ठेवावं लागतं. पाणी कमी असेल तर मेंदी किंवा अडुळसा, अडुळशाला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. कण्हेर आणि बिट्टी दिसायला सुंदर पण दोन्ही पूर्ण विषारी, मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर नकोच. बांबू घ्यायचा तर बेटानं वाढणाराच घ्या, जमिनीखालून पळणारा शेजाऱ्याकडे जाऊन उगवतो आणि मग भांडणं.

हद्दीपासून दोनेक फूट आत लावा, नाहीतर मागच्या बाजूनं छाटता येत नाही. दोन रोपांत दीड ते दोन फूट, आणि जागा असेल तर दोन ओळी नागमोडी. मोठ्या झाडाजवळ सलग चर खणू नका, सुटे खड्डे घ्या, अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं तर ते तोडण्यापेक्षा खड्डाच सरकवा, कारण अन्नपाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात.

रोप धरलं, नवी पालवी आली की शेंडा खुडा. जीव होत नाही पण खुडाच, त्याशिवाय खालून फांद्या फुटत नाहीत. पुढं छाटताना बुडाशी रुंद आणि वर थोडं निमुळतं ठेवा, उलटं झालं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बरोब्बर बसलेल्या माणसाच्या उंचीलाच भोकं पडतात.