गोलावर पृथ्वी उजळण्याआधी

मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘सायन्स ऑन अ स्फिअर’ पाहिलेल्या माणसाला अंधारात तरंगणारी ती पृथ्वी विसरता येत नाही. मूळ रचना अमेरिकेच्या नोआ या हवामान-महासागर संस्थेची: 68 इंच व्यासाचा गोल आणि भोवती त्यावर पृथ्वीचं चित्र पाडणारे चार प्रोजेक्टर. प्रदर्शनात असं काही उभं करायचं असेल, तर आधी गोल नीट टांगा. बाकी सगळं त्यानंतर.

तो तीन तारांवर टांगा, एका दोरीवर गरगरत राहतो. रंग पांढरा, पण मॅट हवा. चकचकीत रंगावर चार दिव्यांचे चार डाग उमटतात. पंखे बंद. आमच्या एका प्रयोगाला कुणीतरी पंखा लावला आणि विषुववृत्ताची रेघ सांध्यापाशी, म्हणजे दोन प्रोजेक्टरांची चित्रं जिथे मिळतात तिथे, दुहेरी दिसू लागली. तासभर आम्ही सॉफ्टवेअरमधली चूक शोधत होतो; गोल बोटभर हलत होता.

चारही प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे घ्या, दिवेही साधारण सारखेच वापरलेले. ते गोलाच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकांपासून 90 अंशांवर आणि गोलापासून सारख्या अंतरावर ठेवा. अंतर टेपनेच मोजा. कीस्टोन (तिरपं पडलेलं चित्र आपोआप चौकोनी करणारी सोय) बंद, उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोयही बंद. अर्धा तास तापू द्या, मगच जुळवणी. फुल एचडीचं चित्र आडवं आणि आपल्याला हवं वर्तुळ, त्यामुळे वीस लाखांवर पिक्सेलपैकी जेमतेम नऊ लाख कामी येतात. उरलेला भाग काळा ठेवा, मागे काळे पडदे सोडा. प्रत्येक प्रोजेक्टरपुढची वाट दोरी बांधून अडवा, नाहीतर प्रेक्षकांच्या डोक्यांच्या सावल्या थेट महासागरात पडतात.

सांध्यांना मात्र भरपूर वेळ द्या. अक्षांश-रेखांशांची जाळी टाकून रेघेवर रेघ बसवा. कडेला उजेड तिरपा पडून चित्र मंद होतं, म्हणून शेजारची दोन चित्रं एकमेकांवर चढवायची, एकाची कड विरत जाईल तशी दुसऱ्याची उजळत न्यायची. मग पूर्ण पांढरं चित्र टाकून गोलाभोवती फेरी मारा. पट्टा दिसला तर पुन्हा बसा. ध्रुवांवर चौघांचाही उजेड तिरपाच, तिथे अक्षरं नकोत.

व्हिडिओ 2:1 प्रमाणात हवा, 4096 × 2048 पिक्सेल उत्तम. शीर्षक चार बाजूंना चारदा लिहा. सुरुवातीला 73 अंश पूर्व रेखांश दाराकडे असू द्या. मुलं आत शिरताच आधी भारत शोधतात.