केबलचोराचा हिशेब बिघडवायचा कसा

दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला, कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात मोटरची केबल गेली की पाणंदीवर आधी शिक्षेचीच बोलणी निघतात: हात तोडा, दहा वर्षं आत टाका. राग रास्त आहे, पण त्याने केबल वाचत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहेच. कापायला आलेला माणूस कलम आठवत बसत नाही. वेळ किती लागेल, कुणी बघेल का आणि तांब्याचे किती येतील, एवढंच तो बघतो.

गुन्हेशास्त्रातला विवेकी निवडीचा सिद्धांत याच हिशेबावर उभा आहे. शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती हमखास यानं जरब बसते, हे इटालियन विचारवंत बेक्कारियाने 1764 मध्येच सांगितलं. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरने 1968 मध्ये त्याचं गणित मांडलं. 1986 मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ कॉर्निश आणि क्लार्क यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली: गुन्हेगार हिशेब करतो, पण घाईत आणि अर्धवट माहितीवर. म्हणून तुमचा बंदोबस्त त्याला पाहणीच्या वेळीच दिसला पाहिजे.

सुरुवात वहीने करा. वर्षभरात गेलेल्या प्रत्येक केबलला एक ओळ: तारीख, त्या आठवड्यात थ्री फेज दिवसा होतं की रात्री, किती फूट गेली, ऊस उभा होता की तुटलेला, मोटारसायकल कुठवर जाते. लाईट चालू असताना केबलला हात लावणं जिवावरचं काम, म्हणून लाईट नसलेल्या रात्री आधी तपासा. गावच्या यात्रेची रात्रही बघा. सगळी माणसं देवळाजवळ, रानं मोकळी. ऊसतोड टोळ्यांवरचा संशयही इथेच पारखता येतो. टोळ्या गेल्यावर जून-जुलैतही तशाच ओळी पडत असतील तर उगाच कुणाच्या खोपीत शिरू नका.

मग चोरीचे टप्पे मांडा: पाहणी, येणं, कापणं, नेणं, जाळणं, विकणं. सगळे अडवायची गरज नाही, दोन-तीन पुरेत.

कापणं अवघड करायचं तर स्टार्टरच्या पेटीपासून बोअरपर्यंतची केबल एचडीपीई (टणक प्लॅस्टिकच्या) पाइपातून दोन-अडीच फूट खोल पुरा. पाइपात जोड ठेवू नका, पाणी शिरून तिथेच शॉर्ट होतं. नदीकाठची मोटर पावसाळ्यात वर ओढावी लागते, तेव्हा शेवटचा तुकडा सुटा ठेवून घरी आणा. पेटीभोवती दहा फूट ऊस लावू नका. आडोसा गेला की पाणंदीवरून माणूस दिसतो.

मिळकत कमी करायची तर जमिनीवरची केबल ॲल्युमिनियमची घ्या. तेवढाच करंट वाहायला तांब्याच्या साधारण दीडपट-पावणेदोनपट जाडी लागते, म्हणजे 6 चौरस मिलिमीटरच्या जागी 10. तांब्याला जोडताना बायमेटल लग (दोन धातूंचं जोडटोक) वापरा, नाहीतर जोड तापून जळतो. आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत, मराठी-कन्नड दोन्हीत, ‘केबल ॲल्युमिनियमची’ असं रंगवा. हे न लिहिलं तर चोर आधी कापणार, मग निराश होणार; तुमचं नुकसान तेवढंच.

केबलवर रंगाचे पट्टे मारण्यात मात्र पैसे घालवू नका. तांबं काढायला केबल जाळतात, त्यात पट्टेही जातात. त्यापेक्षा रात्री ओढ्याकडून किंवा गायरानातून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला की लगेच 112 ला फोन करायचा, हे ठरवून ठेवा. नंबर कोरायचा तो मोटरच्या बॉडीवर. भंगारवाल्यांना गावातर्फे एकदा समोरासमोर सांगा की चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर न्याय संहितेच्या कलम 317 खाली त्यांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गस्त बहुतेक गावांत एकाच कारणाने फसते: रोज अकराला निघते, बाराला झोपते. चोर साडेबाराला येतो. वहीतल्या तीन-चार जागा निवडा, वेळ चिठ्ठी काढून ठरवा आणि प्रत्येक जागी 10 ते 15 मिनिटं थांबा. अमेरिकेत मिनियापोलिसच्या पोलीस गस्तीवर 1995 साली झालेल्या अभ्यासात एवढ्याच थांब्याचा परिणाम सर्वांत जास्त टिकला. शेताचा हिशेब शहरापेक्षा वेगळा, पण सुरुवातीला हे माप वाईट नाही.

फिर्याद प्रत्येक वेळी द्या, दोनशे फूट गेली तरी. नोंदच नसेल तर पकडलं जाण्याची शक्यता शून्यावर येते. माल सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलकडे गेला म्हणून हद्दीचा वाद निघाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फिर्याद-तपासाच्या कायद्याचं) कलम 173 दाखवा: गुन्हा कुठेही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. मजकूर कन्नडमध्ये असेल तर वाचून, समजावून घेतल्याशिवाय सही करू नका; वाचून दाखवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. प्रत फुकट मिळते. केबलचं बिल जोडा.

केबलमध्ये किंवा कुंपणात करंट सोडून सापळा लावायचा नाही. त्यात बैल मरतो, पाणी पाजायला गेलेलं पोर मरतं, आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

चोर शेजारच्या गावात जाईल ही शंका येतेच. गुन्ह्याची संधी कमी करणारे असे 102 उपक्रम तपासणाऱ्या 2009 च्या आढाव्यात गुन्हा दुसरीकडे सरकल्याचं 26 टक्के नोंदींत दिसलं, आजूबाजूलाही फायदा झाल्याचं 27 टक्के नोंदींत. तरी वहीत शेजारच्या दोन गावांच्या ओळी ठेवा. अर्धवट कापून सोडलेल्या केबलचीही ओळ लिहा; चोर कुठल्या टप्प्यावर मागे फिरला ते तिथेच कळतं.