पट्टी नंबर आधीच आहे का, फॉक्सप्रोला कसं विचारायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर मी ज्या प्रोग्रामची देखभाल करतो, तो व्हिज्युअल फॉक्सप्रोत, म्हणजे डेटाबेससाठीच्या एका जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली त्याचा सपोर्ट बंद केला, पण सौदे थांबत नाहीत आणि मुनीमजींचे हात त्यावरच बसलेत. असा प्रोग्राम गळ्यात पडलेल्यांसाठी हे लिहितोय.

नवी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) सेव्ह करण्याआधी तो नंबर फाइलमध्ये आहे का, एवढंच बघायचंय. जुन्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी 'लोकेट' ही शोधायची कमांड सापडेल. पट्टी नंबरावर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची) नसेल तर ते पहिल्या रेकॉर्डपासून एकेक बघत जातं. फाइल दुसऱ्या पीसीवर शेअर असेल तर सगळे रेकॉर्ड केबलवरून तुमच्याकडे येतात. ऐन सीझनमध्ये, दारात शेतकरी उभा असताना, हे परवडत नाही.

आधी पट्टी नंबरावर इंडेक्स करा. मग इंडेक्सवरून थेट शोधणारं 'सीक' वापरता येतं, पण नंबर सापडला नाही तर ते पॉइंटर (चालू रेकॉर्डची खूण) फाइलच्या शेवटी नेऊन ठेवतं आणि स्क्रीनवरची अर्धी भरलेली पट्टी गडबडते. म्हणून मी 'इंडेक्ससीक' वापरतो:

इंडेक्ससीक(पॅडआर(नंबर, ८), .एफ., "पट्टी", "पट्टीनं")

शेवटची दोन नावं फाइलची आणि इंडेक्सची. दुसऱ्या जागी .एफ. (म्हणजे 'नाही') दिलं की पॉइंटर हलत नाही. उत्तर फक्त हो किंवा नाही.

त्यातलं 'पॅडआर' गाळू नका. फील्ड कॅरेक्टर (अक्षरी) असेल आणि 'सेट एक्झॅक्ट' (पूर्ण जुळणीची सेटिंग) ऑफ असेल, तर '४५' विचारल्यावर '४५६' सापडतो आणि प्रोग्राम बिनधास्त "आहे" म्हणतो. फील्डच्या रुंदीएवढी स्पेस भरून विचारलं की हा घोळ संपला. माझं फील्ड आठ अक्षरांचं, तुमचं बघून घ्या.

डिलीट केलेली पट्टी 'पॅक' करेपर्यंत (म्हणजे कायमची काढून टाकेपर्यंत) फाइलमध्येच असते, नुसती खूण पडते. म्हणून इंडेक्स करतानाच 'फॉर नॉट डिलीटेड()' जोडा.

राहिलं एक. दोन मुनीमजींनी एकाच वेळी तपासलं तर दोघांनाही "नाही" मिळणार, आणि दोघंही तोच नंबर टाकणार. त्यासाठी तो इंडेक्स 'कँडिडेट' करा. दुसरी पट्टी फॉक्सप्रो स्वतःच नाकारतो. ती एरर पकडून पुढचा नंबर द्या. 'युनिक' नावाचा पर्यायही दिसेल. नावावर जाऊ नका, तो डुप्लिकेट अडवत नाही, फक्त इंडेक्समधून लपवतो.