पगार आणि ऊसबिल दोन्ही असणाऱ्यांनी प्राप्तिकर विवरणपत्र ऑनलाइन कसे भरावे

वाळवा, तासगाव, मिरज या तालुक्यांत शाळेत, बँकेत किंवा साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या अनेकांच्या नावावर थोडीफार शेतीही असते आणि विवरणपत्र भरताना नेमकी तीच राहून जाते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे, पण ते दाखवायचेच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर ‘सहज’ म्हणून ओळखला जाणारा विवरणपत्राचा फॉर्म आयटीआर-१ चालत नाही. पगारदाराला किंवा निवृत्तिवेतनधारकाला आयटीआर-२ घ्यावा लागतो. दहा गुंठ्यांतला ऊसही बहुधा ही मर्यादा ओलांडतो. दुधाचे किंवा कोंबड्यांचे उत्पन्न मात्र शेतीत धरले जात नाही. ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते आणि त्याचे फॉर्म निराळे आहेत.

पोर्टल उघडण्याआधी फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा मालकाकडून मिळणारा दाखला), बँकेचे आणि पतसंस्थेचे व्याजाचे दाखले, ऊसबिले, बाजार समितीतल्या हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पट्ट्या, खत-मजुरी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि सातबारा एकत्र करून ठेवावा. सातबारा सामाईक असेल तर आपल्या हिश्श्याचेच उत्पन्न धरावे.

पॅन हा युजर आयडी वापरून प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करावे आणि प्रथम एआयएस (विभागाकडे नोंदलेला आपल्या उत्पन्नाचा व व्यवहारांचा वार्षिक तपशील) व फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या व भरलेल्या कराचा तपशील) उतरवून घ्यावेत. त्यांतील पगार, व्याज आणि टीडीएसचे, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराचे, आकडे आपल्या कागदांशी ताडून पाहावेत. पतसंस्थेने सभासदाला दिलेल्या व्याजावर अनेकदा टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे ते एआयएसमध्ये दिसेलच असे नाही. तरीही ते करपात्र आहे आणि स्वतःहून भरावे लागते.

एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळाच्या उत्पन्नासाठी करनिर्धारण वर्ष २०२६-२७ निवडावे. नवी करप्रणाली आपोआप निवडलेली असते. जुनी हवी असल्यास तसे सांगावे लागते आणि तेही मुदतीच्या आत. पगाराची माहिती बरीचशी आधीच भरलेली दिसते, पण फॉर्म १६ समोर ठेवून ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता करमुक्त उत्पन्नाचे परिशिष्ट. येथे शेतीची एकूण रक्कम आणि त्यासाठी झालेला खर्च स्वतंत्रपणे लिहायचा असतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेल्यास जिल्हा, पिनकोड, जमीन स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत आणि क्षेत्र किती, हेही विचारले जाते. क्षेत्र एकरांत द्यायचे असते आणि सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असते, तेव्हा हेक्टरला २.४७ ने गुणावे: १ हेक्टर ६० आर म्हणजे सुमारे ३.९५ एकर. उताऱ्यावरचा १.६० हा आकडा तसाच टाकून देणारे मी पाहिले आहेत.

या उत्पन्नावर थेट कर नसला, तरी ते बाकीच्या उत्पन्नावरील कराचा दर वाढवू शकते. नव्या प्रणालीत करपात्र पगार १४ लाख आणि निव्वळ शेती उत्पन्न ३ लाख असेल, तर आधी १७ लाखांवरचा कर काढतात, म्हणजे १,४०,००० रुपये; त्यातून शेतीचे ३ लाख अधिक मूळ सूट ४ लाख, अशा ७ लाखांवरचे १५,००० वजा होतात. उपकराआधीचा कर १,२५,००० येतो. शेती नसती तर तो ९०,००० आला असता. पगार ९ लाख असता, तर हिशेब याच रीतीने झाला असता, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या करसवलतीमुळे कर शून्यावर आला असता. ही आकडेमोड पोर्टल स्वतः करते, मात्र शेतीचा आकडा आपण भरला तरच.

परताव्यासाठी दिलेले बँक खाते पोर्टलवर प्रमाणित केलेले असावे आणि खात्यावरचे नाव पॅनवरील नावाशी जुळावे. मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैची असते. ती चुकल्यास ५,००० रुपयांपर्यंत, आणि एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्यास १,००० रुपयांपर्यंत विलंबशुल्क लागते.

विवरणपत्र पाठवले म्हणजे काम झाले असे नाही. ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने किंवा नेटबँकिंगद्वारे त्याची पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल तर ओटीपी येणारच नाही, म्हणून तो जुलैच्या शेवटच्या आठवड्याआधीच आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्यावा.