पाण्याचा ताळेबंद: आधी विहिरी मोजा, मग ग्रामसभा

पाणलोटाच्या किंवा भूजलाच्या कामावर नव्याने रुजू झालेल्यांना घाई असते ग्रामसभेची, तिथे पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावाला मिळणाऱ्या आणि लागणाऱ्या पाण्याचा हिशेब, मांडायची. तक्ते तयार, ठरावाचा मसुदाही तयार. बागायतदाराला त्यात एवढंच दिसतं, की हे आपला ऊस बंद करायला आलेत. मग आकडे कितीही अचूक असले तरी वर्षभर कुणी ऐकत नाही.

म्हणून सुरुवात मोजणीने करा, आणि टेप गावकऱ्यांच्याच हातात द्या. वरच्या, मधल्या आणि खालच्या शिवारातल्या मिळून 10-12 विहिरी निवडा. त्यात लहान शेतकऱ्यांच्या हव्यातच. नुसत्या पुढाऱ्यांच्या विहिरी घेतल्या तर यादीवरूनच शंका सुरू होतात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत पातळी घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही याच महिन्यांत नोंदी घेते, त्यामुळे ताडून पाहता येतं. मोटार नुकतीच बंद झालेली असेल तर पाणी उगाच खोल गेलेलं दिसतं. थ्री-फेज लाइट रात्रीची असेल तर भल्या सकाळी जाऊ नका, विहीर भरून येऊ द्या. आणि कठड्याची उंची दरवेळी वजा करा. एकाने केली, दुसऱ्याने नाही, की दोन आकड्यांवरून भांडण ठरलेलं.

पातळ्या गावात फलकावर लावाल तेव्हा मालकाचं नाव नको, विहिरीचा क्रमांक पुरे. आडव्या बोअरवरून, म्हणजे विहिरीच्या आतून बाजूला मारलेल्या बोअरवरून, शेजाऱ्यांत आधीच धुसफूस असते.

हिशेब टँकरच्या भाषेत सांगा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, एक मोठा टँकर. त्यातलं मुरतं किती, हे खडकावर ठरतं. तो आकडा अंदाजाने ठोकू नका. भूवैज्ञानिकाकडून घ्या आणि कुठून घेतला ते सभेत सांगा. खर्चात पहिली ओळ पिण्याच्या पाण्याची: 1,500 वस्ती, माणशी रोज 55 लिटर, ऑक्टोबर ते जूनचे 270 दिवस, म्हणजे सुमारे सव्वादोन कोटी लिटर. मग जनावरं, शेवटी पिकं. ही ओळ महिला सभेत आधी मांडा. पाणी भरणाऱ्या बायका तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या की पुढच्या सभेत तिला फाटा देणं अवघड होतं.

पहिल्या वर्षी बंदीचा ठराव आणू नका. पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावाचा दाखलाही जपून द्या. शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम तिथल्या गावाने स्वतःवर घालून घेतला आहे, बाहेरून आलेल्या कुणी लादलेला नाही. पहिलं वर्ष फक्त रब्बीच्या पेऱ्याचा सल्ला द्या. मे महिन्यात किती पातळी उरेल याचा तुमचा ऑक्टोबरमधला अंदाज आणि मे मधली प्रत्यक्ष पातळी एकाच फलकावर शेजारी लावा, अंदाज चुकला असेल तरीही, आणि का चुकला ते खाली लिहा: अवकाळी पाऊस झाला, की नोंद नसलेले बोअर निघाले.